डावा पीळ

शिराझ, १२ आबान १३६६

खानदादाश,

तुम्हाला सलाम, आणि तुमच्या गुडघ्यांनाही, कारण मागच्या पत्रात त्यांचीच खबर जास्त होती.

नक्षीच्या काड्यांच्या जुड्या करामतच्या बसमधून पाठवते आहे. वर हिरवी नारिंगं घातली आहेत, वाटेत त्याने खाल्ली नाहीत तर ती तुमची. सुपारीचं लाकूड संपलं. लढाईपायी बंदरावर हिंदुस्थानातून काही उतरेनासं झालंय. तेव्हा काळ्या काड्यांच्या जागी अक्रोडाचं लाकूड रंगवून घातलंय. बघणाऱ्याला कळणार नाही. तुम्हाला कळेल आणि तुम्ही कुरकुराल, म्हणून आधीच सांगून टाकते. सरसही धड मिळत नाही. माशाचा म्हणून देतात, वास मेंढीच्या खुरांचा येतो.

तुमचा पुतण्या फरामर्ज रजा संपवून आघाडीवर परत गेला. तेव्हापासून त्याचं पत्र नाही. शेजारणी विचारतात, मी म्हणते, देवाच्या हवाली. घरात मी एकटी. तुमचा भाऊ होता तेव्हा तो काड्या जुळवायचा आणि मी दोरा ओढायची, बोलता बोलता काम व्हायचं. आता एकटीच जुळवते, एकटीच दोरा गुंडाळते, एकटीच जेवते. एकट्या बाईला बोलायला भिंत असते, ती काही उलटून बोलत नाही, एवढंच बरं.

त्या इमामजाद्याच्या दर्ग्याच्या दरवाजाचं कुठवर आलं? गावकऱ्यांना सांगा, पीर इतकी वर्षं बिनदाराचा राहिला, आणखी थोडं थांबेल.

तुमची भावजय,
गोहर


इस्फहान, २५ आबान

गोहर,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही, करामतच्या हाती दिलंय. वाचून समोवराच्या निखाऱ्यात घाल.

अक्रोडाबद्दल नंतर कुरकुरेन. जुडीचा दोरा सोडला, जुडी खिडकीशी धरली आणि तसाच बसून राहिलो. पीळ डावा आहे.

तुला सांगायला नको, तरी सांगतो. बारीक तिधारी काड्या, त्यात उंटाचं हाड, पितळेची तार, मध्ये ओला सरस, आणि वरून ताणून दोरा. जुडी दोऱ्याच्या दिशेने अंगात थोडी वळतेच. कुणाचीही वळते. जुडीच्या प्रत्येक चकतीवर काड्यांचं एक फूल दिसतं, आणि मी त्या चकत्या कापून ओळीने मांडल्या की फुलं एकेक करून मान वळवत जातात. तुझी फुलं उजवीकडे बघतात. तू लग्न होऊन आमच्या घरात आलीस तेव्हापासून बघतात. चकती पालथी चिकटवून लबाडी करता येते, पण बाजारातला दुकानदार हाजी सैफुल्ला माझ्याकडून अख्ख्या जुड्या नेतो, आणि जुडी कशीही फिरवली तरी पीळ तो पीळच.

आमच्या घराण्यात डाव्या हाताने दोरा ओढणारा एकच. माझ्या बापाने त्याचा डावा हात फडक्याने पाठीशी बांधून ठेवला होता, आठवतं? पोरगं दिवसभर मुकाट उजव्या हाताने ओढायचं, आणि संध्याकाळी फडकं सोडलं की पुढची जुडी पुन्हा डावी. शेवटी बाप म्हणाला, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, आणि त्याने नाद सोडला.

एका पत्रात तू इतक्यांदा 'एकटी' लिहिलंस की मला घरात दुसरं कुणी बसलेलं दिसलं.

मी विचारणार नव्हतो. पण हाजीने विचारलं. त्याचा धाकटा गेल्या वर्षी आघाडीवरून झेंड्यात गुंडाळून आला, तुला माहीत आहे. जुडी बोटांत फिरवत म्हणाला, "शिराझला नवा डावखुरा ठेवलायस वाटतं? तसली तरणी पोरं तर सगळी तिकडे आहेत."

माझ्या तोंडून निघून गेलं की भावजयीच्या उजव्या मनगटाने दगा दिला, आता बिचारी डाव्याने ओढते. हाजी हळहळला. म्हणजे खोटं पचलं, पण आता ते पोसावं लागणार. तुझ्या उजव्या मनगटाला फडकं बांध. गल्लीत, पावाच्या रांगेत, हमामात, सगळीकडे. हाजीची बहीण तुझ्या पलीकडच्या गल्लीत राहते. आणि जुड्या यापुढे डाव्याच येऊ देत. एखादी उजवी आली तर आपणच हात दाखवून अवलक्षण करून घेतल्यासारखं होईल.

त्याला माझे आशीर्वाद सांग. रागावलोय असंही सांग.

खुदामुराद


शिराझ, ६ आझर

खानदादाश,

तुमचं पत्र जाळलं. हेही जाळा.

मला वाटलं होतं, शंभर डोळ्यांना चुकवता येईल. तुमचे दोन विसरले.

उन्हाळा संपता संपता तो रजेवर आला होता. परत जायच्या दिवशी न्याहारी केली, गणवेश घातला, बूट चढवले आणि नाड्या बांधायला उंबऱ्यावर बसला. उठलाच नाही. मी म्हटलं, बस चुकेल. म्हणाला, चुकू दे. दुपारी मी खाली बसून त्याच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, आणि त्याला मागच्या लोणच्याच्या खोलीत नेलं. काय झालं तिकडे, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चांगलं केलं की वाईट, ते मला विचारू नका. हाजीचा मुलगा गेला आणि माझा बरण्यांमागे बसलाय, हे मलाही कळतं. रांगेत हाजीची बहीण दिसली की मीच मान खाली घालते.

त्याचे हात थरथरतात. चहाचा पेला धरवत नाही. एके दिवशी मी जुडी गुंडाळत होते, तर येऊन त्याने माझ्या हातातून दोरा घेतला. दोरा ओढताना हात थरथरत नाही, खानदादाश. एकदाही नाही. मग मी कशी काढून घेऊ? माझ्या जुडीवरून बोट फिरवून अजून तेच म्हणतो, जे लहानपणी म्हणायचा: "आई, फार ओढलंयस." मला हसू आलं. किती दिवसांनी आलं.

फडकं बांधलंय. एका हाताचं दुसऱ्या हाताला कळू देऊ नये म्हणतात, माझं तर सगळं हातांवरच आलंय. पाव डाव्या हाताने घेते, दार डाव्या हाताने लावते. शेजारीण हळद आणि अंड्याचा लेप घेऊन आली, मी मुकाट लावून घेतला. चांगल्या हाताला लेप लावून घेताना लाज वाटली. तो आतून बघत होता.

गोहर


इस्फहान, २० इस्फंद

गोहर,

रोज क्षेपणास्त्रं पडतात. भोंगा झाला की मी तळघरात जात नाही, गुडघे म्हणतात, मरायचंच तर बसून मर. कारखान्याच्या काचा गेल्या, तिथे जाडा कागद लावलाय. त्या उजेडात काम करायचं म्हणजे आंधळ्याने सुईत दोरा ओवणं. माझी नजर तशीही संपत आली आहे.

तरी एक चांगली गोष्ट सांगतो. दरवाजाची दोन पाखं असतात, हे मला या वयात सुचलं. डाव्या पाखात तुझ्या जुन्या जुड्यांच्या चकत्या बसवतोय, उजव्यात त्याच्या. दार लावलं की मधल्या फटीशी तुझी फुलं आणि त्याची फुलं एकमेकांकडे बघतात. गावकरी बघायला आले होते. त्यांना पिळाचं काय कळतंय, पण त्यांचा म्हातारा मुल्ला बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, दार लावलं की बरं वाटतंय. मी म्हटलं, तसंच करायचं होतं. खोटं बोलायची सवय लागली आहे मला.

त्याला सांग, हात सुंदर आहे. आजवर तोंडावर कधी म्हटलं नाही, बापाने मलाही कधी म्हटलं नव्हतं. उजव्या पाखाला अजून पुष्कळ जुड्या लागतील. नवरोजला तुम्हा दोघांना नवं वर्ष सुखाचं जावो, म्हणजे निदान मागच्यापेक्षा बरं.

खुदामुराद


शिराझ, २२ फर्वर्दीन १३६७

खानदादाश,

नवं वर्ष मुबारक. थोड्याच जुड्या पाठवल्या आहेत, सांभाळून घ्या.

यंदा नवरोजसाठी ताटलीत गहू पेरले, पण अंकुर विरळ आले. नवरोजच्या तेराव्या दिवशी घरात थांबू नये म्हणून सगळी गल्ली डबे आणि सतरंज्या घेऊन हिरवळीवर गेली. एवढी सामसूम या गल्लीत वर्षातून एकदाच होते. आम्ही घरातच होतो. दुपारनंतर मी गव्हाचे अंकुर ओढ्यात सोडून आले.

तुमचा निरोप त्याला सांगितला होता. हात सुंदर आहे म्हणालात, ते ऐकून कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

बाकी ठीक. प्रकृतीला जपा.

गोहर


इस्फहान, ९ खोर्दाद

गोहर,

हे आता त्यालाच वाचून दाखव.

गाढवा, जुडी म्हणजे काही शत्रूची मान नव्हे. ही तिसरी खेप अशी आली आहे. पीळ डावा आहे, पण कुठे सैल, कुठे इतका आवळलेला की हाडाच्या काड्या तडकल्या. हिवाळ्यात तुझी फुलं कशी मान वळवायची, नवऱ्या मुलीसारखी, हळूच. आता मानेला झटका आल्यासारखी बघतात. राग आलाय तुला, मला कळतं. भिंतीआड बसून कुणालाही येईल. पण राग दोऱ्यात घालायचा नसतो. दोरा ओढ, जीव ओढू नकोस. तुझ्या आईला विचार, ती नवरा गेल्याच्या वर्षीसुद्धा सरळ जुड्या करत होती.

एवढं वाचून त्याला चहा दे.

गोहर, हाजी सैफुल्ला आता काही विचारत नाही. उलट परवा एक बाटली घेऊन आला, मनगटासाठी तेल. त्याची बायको करते. म्हणाला, "तिला सांग, दुखणं अंगावर काढू नकोस. आपल्या घरांतून माणसं कमी झालीत, उरलेत ते हात तरी धड राहू देत." करामतबरोबर पाठवली आहे. मी त्याच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही.

खुदामुराद


शिराझ, १ तीर

खानदादाश,

तुमचं पत्र वाचून दाखवलं, अगदी मोठ्याने. पुढची खेप बरी येईल.

हाजीला सलाम सांगा. तेल रोज लावते. आता खरंच दुखतं.

गोहर


इस्फहान, ५ शहरीवर

गोहरजान,

लढाई थांबली! रेडिओवर मी तीनदा ऐकलं, मग शेजाऱ्याच्या रेडिओवर ऐकलं, आपला खोटं बोलत असला तर. माणसं रस्त्यात मिठाई वाटत होती आणि मिठाई घेणारे रडत होते. हाजीने दुकान बंद केलं आणि कुणाशी न बोलता घरी गेला.

मी इथे ओळखीपाळखीने चौकशी केली आहे. म्हणतात, पोरं हळूहळू घरी येताहेत, काही महिने गेले की कोण कधी आलं हे कुणी मोजत बसणार नाही. तेव्हा माझं ऐक. थंडी पडायच्या आत त्याला करामतच्या बसमध्ये बसवून इकडे पाठव. इथे त्याला कुणी ओळखत नाही. मला मूल नाही, हे तुला माहीत आहे. डोळ्यांचा उजेड जात चाललाय, चकती कापताना करवत बोटाला लागते. कारखाना, अवजारं, आबनूसचा तो जुना ओंडका जो मी हात न लावता सांभाळलाय, सगळं त्याचं. बापाने ज्याचा हात बांधला होता त्याच्याच हातात बापाची करवत देईन, म्हणजे हिशेब फिटेल. आणि तुझं ते फडकं आता फेकून दे.

दरवाजाही जवळजवळ झाला. उजव्या पाखाची शेवटची पट्टी राहिली आहे. ती त्याने इथे येऊन, माझ्यासमोर बसवावी.

कधी पाठवतेस ते कळव. मी गादी उन्हात घातली आहे.

खुदामुराद


शिराझ, १९ शहरीवर

खानदादाश,

गादी आत घ्या.

फरामर्ज घरात नाही. नवरोजच्या तेराव्या दिवशी निघून गेला. त्यानंतरच्या सगळ्या जुड्या माझ्या आहेत, डाव्या हाताच्या.

तुमचं फडक्याचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नव्हतं. पण फडकं काय लपतंय? हिवाळाभर तो बघत होता, मी डाव्या हाताने कांदा चिरताना, डाव्या हाताने वेणी घालताना. घरात सोडलं असतं तरी चाललं असतं, पण सवय मोडली तर बाहेर चुकेन या भीतीने मी घरातही बांधून ठेवायची. त्या दिवशी गल्ली रिकामी झाली म्हणून मी त्याला बरण्यांमागून अंगणात आणलं, उन्हात बसवलं. चहा ओतायला गेले तो त्याच्या पायावर सांडला. त्याने किटली काढून घेतली, माझं मनगट हातात धरलं आणि म्हणाला, "आजोबांनी माझा हात बांधला होता. आता माझ्यापायी तुझा बांधलाय."

मी म्हटलं, अरे चिंधी आहे नुसती, दुखत नाही काही.

"म्हणूनच," तो म्हणाला. "हात खरंच दुखत असता तर मी घरातच बसलो असतो."

मग उठला आणि बापाचा कोट घातला. मी पाव आणि चीज बांधून दिलं. नको म्हणायला हवं होतं, दार अडवायला हवं होतं, मी पाव बांधत बसले. आघाडीवर चाललास की सरहद्दीपार, विचारलं तर म्हणाला, विचारायला येतील तेव्हा तुला ठाऊक नसलेलं बरं. दारात बूट घातले. या वेळी नाड्या त्यानेच बांधल्या, हात जरासुद्धा हलला नाही. "मी गेलो की फडकं सोड," एवढं बोलला.

मी सोडलं नाही. सोडून काय सांगणार होते हाजीच्या बहिणीला? पण खरं सांगू, तेवढंच कारण नव्हतं. फडकं तुम्ही सुचवलं होतं आणि तो फडक्यापायी गेला. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही करवत खाली ठेवली असती, मी ओळखते तुम्हाला. त्याने खुंटीला एक जुडी अर्धीच गुंडाळून ठेवली होती. ती पुरी करायला बसले. उजव्या हाताने केली असती तर अर्धी इकडे अर्धी तिकडे झाली असती. म्हणून डाव्या हातात दोरा घेतला. मग पुढची घेतली. तुम्हाला राग दिसला तो राग नव्हता, खानदादाश, मला येत नव्हतं.

आणि तुम्ही त्याला पत्रातून शिव्या द्यायचात, गाढव म्हणायचात, चहा दे म्हणायचात. मला ते थांबवावंसं वाटेना. तुमच्या पत्रात तरी तो घरात होता. तुमचं पत्र आलं की मी लोणच्याच्या खोलीत जायची, दार लावायची, आणि त्याला उद्देशून असलेलं मोठ्याने वाचायची. चहाही न्यायची.

लढाई थांबल्यापासून रोज बसतळावर जाते. पोरं उतरतात. करामत म्हणतो, काकी, ऊन फार आहे, आलाच तर मी स्वतः घरी आणून सोडतो. पण जाते.

गोहर


इस्फहान, ३० शहरीवर

गोहर,

तुझं पत्र मी हाजीकडून वाचून घेतलं. माझ्याच्याने ते अक्षर लागेना, आणि आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? तो वाचत असताना मध्येच थांबला. मला वाटलं, आता उठून जाईल, किंवा शिवी देईल. पण त्याने पुढे वाचलं, शेवटपर्यंत. मग म्हणाला, "माझ्या बायकोला सांगतो, तेल डाव्या हातासाठी पाठव म्हणून."

तू पाठवलेली ती तडकलेली जुडी मी पुन्हा बोटांनी चाचपली. राग कुठेच नाही. शिकाऊ हात आहे, पहिल्या वर्षाच्या पोराचा असतो तसा. जन्मभर लाकूड वाचत आलो आणि एवढं मला वाचता आलं नाही. फडकं मी बांधायला लावलं, हेही खरं. त्यावर आता काय लिहू? करवत खाली ठेवली होती, चार दिवसांनी उचलली.

उजव्या पाखाची शेवटची पट्टी मी रिकामी ठेवतो. गावकऱ्यांना सांगेन, सुपारीचं लाकूड हिंदुस्थानातून यायचंय. फरामर्ज येईपर्यंत ते लाकूड येतच राहील. तू मात्र ते फडकं आज सोड, आणि उजव्या हाताने मला एक जुडी करून पाठव. तुझी फुलं उजवीकडे बघताना एकदा बोटांना लागू देत.

खुदामुराद


शिराझ, १४ मेहेर

खानदादाश,

फडकं सोडलं. खालची कातडी पांढरी पडली आहे, मनगट दुसऱ्या कुणाचं वाटतं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे उजव्या हाताने दोरा धरला. सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मग फार विचार न करता ओढत गेले आणि जुडी झाली. सरस वाळल्यावर उजेडाला धरली तर डावी. मध्येच हात कधी बदलला, मला कळलंच नाही. दुसरी केली, तीही डावी. इतकी वर्षं उजवा पीळ होता माझा, आणि हात तो विसरला. सुंभ तसाच आहे आणि पीळ गेला, असं आपल्या घरात प्रथमच झालं असेल.

ती दुसरी जुडीच पाठवते आहे. वर नारिंगं आहेत, करामतवर माझा आता भरवसा आहे.

ही जुडी त्या रिकाम्या पट्टीत बसवा. पिराच्या दाराला भोक ठेवून कुणी लवकर येत नसतं, आणि गावकरी तरी किती थांबतील? या खेपेला एकही काडी तडकलेली नाही, चाचपून बघा. तो आला की तुमच्याआधी त्यालाच कळेल ही त्याची नाही. बोट फिरवील आणि म्हणेल, आई, फार ओढलंयस. मग उचकटून काढा माझी, आणि त्याची बसवा.

गोहर